पाच अठ्ठेचाळीस

घड्याळ घेऊन माणसाच्या मागे उभं राहिलं की तो माणूस हळू होतो. चाकणच्या कंपनीत हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं आणि पुढची एकतीस वर्षं मी याच एका ज्ञानावर पगार घेतला. माझं खातं टाइम स्टडीचं. एका नगाला किती वेळ लागतो ते मोजायचं, त्यातले कुठले सेकंद कामाचे आणि कुठले मला दाखवायचे ते निवडायचं, आणि उरेल त्या आकड्यावर लाइनचं टार्गेट बसवायचं. ऑपरेटर लोक समोर मला 'नवनाथसाहेब' म्हणत. मागे काय म्हणत तेही मला ठाऊक होतं, पण ते इथे नको.

हळू होण्याचा प्रत्येकाचा प्रकार वेगळा. कोणी पाना शोधत बसे, कोणाला नेमकी तेव्हाच तहान लागे. सगळ्यांत उस्ताद रोहिदास. लातूरकडचा, काळासावळा, खांद्यावर कायम एक फडकं. मी घड्याळ काढलं की ते फडकं खाली येई. नग चढवायच्या आधी पुसणार, उतरवल्यावर पुसणार, नग बसतो ती जागा पुसणार आणि शेवटी स्वतःचं कपाळ पुसणार.

"रोहिदास, रोज एवढं पुसतोस?"

"रोजच की ओ साहेब. लक्ष्मी हाय ती."

मी फडक्याचे चार सेकंद कापले. तो रागावला नाही. म्हणाला, "चारच? मला वाटलं सहा कापताल." म्हणजे दोन सेकंद मला सापडलेच नव्हते. तेव्हापासून मी त्याला मानतो.

नशीब बघा, दिघीत मी फ्लॅट घेतला आणि भिंतीला भिंत लागून निघाला रोहिदास. तो, त्याची बायको पूनम आणि एकुलती एक दिव्या. मी एकटाच. पूनमने पहिल्याच दिवशी डबा पाठवला आणि सोबत निरोप, "साहेबांना म्हणावं, डबा खाताना घड्याळ लावू नका."

दिव्या पियानो वाजवायची. आमच्या इमारतीत हे वाक्य कोणी पहिल्यांदा ऐकलं की हसायचंच. ऑपरेटरची पोर आणि पियानो! पण झालं होतं खरं. तिच्या शाळेत एक जुना पियानो होता आणि तो शिकवायला जयमालाबाई होत्या. बाईंनी अकरा वर्षांच्या ह्या पोरीला प्रार्थनेच्या रांगेतून बाहेर काढलं आणि पियानोसमोर बसवलं, ती पुढची आठ वर्षं उठली नाही. घरी सरावाला म्हणून रोहिदासने हिंजवडीतल्या एका परदेशी चाललेल्या इंजिनियरकडून इलेक्ट्रिकचा पियानो आणला, छोटा हत्ती टेम्पोत घालून. त्यामुळे वाजवण्याच्या वेगासाठी बाईंच्या तोंडी 'टेम्पो' शब्द आला की पूनमला आधी ती गाडीच आठवायची. "तुमच्या टेम्पोनं माझ्या भिंतीचा पोपडा काढला होता," असं ती बाईंना सांगायची आणि बाई हसून बेजार व्हायच्या.

मी रिटायर झालो आणि दुपारी करायला काही उरलं नाही. भिंतीपलीकडून दिव्या एक संथ तुकडा वाजवायची, कुणा जर्मन माणसाने दोनशे वर्षांपूर्वी लिहिलेला. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण हात घड्याळाकडे जातोच. मी मोजायला लागलो. सोमवारी सात मिनिटं अडतीस सेकंद. मंगळवारी सात एक्कावन्न. बुधवारी सात बावीस. गुरुवारी आठ चार.

माझ्या खात्यात असा कामगार असता तर मी मॅनेजरपुढे उभा केला असता. तेच काम, तेच हात, आणि बेचाळीस सेकंदांचा फरक?

जिन्यात भेटली की मी विचारायचो, "आज किती ग?"

ती डोळे मिटायची. "आठ. नाही, आठच्या जरा वर."

मी खिशातला कागद काढून बघायचो. आठ चार.

"घड्याळ बघून वाजवतेस?"

"छे. लांबलं की पोटात कळतं, काका."

"आणि लांबतं कशाला?"

"आज गुरुवार होता ना," असं म्हणून हसत जिना उतरायची. मी वर जाऊन शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : कारण अस्पष्ट.

मार्चमध्ये रोहिदास एक छापील कागद घेऊन माझ्याकडे आला. आत आला तरी बसेना. खांद्यावर फडकं नव्हतं, म्हणून हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचत नव्हतं.

बंगळुरूला एक संस्था होती. पियानोच्या दोन जागा, तीन वर्षांचं शिक्षण, राहणं-खाणं त्यांच्याकडे. वयाची अट जास्तीत जास्त एकोणीस. म्हणजे दिव्याला हे एकच वर्ष. तीन तुकडे वाजवून त्याचं चित्रीकरण पाठवायचं. खऱ्या पियानोवर, सलग, मध्ये कुठेही जोडकाम नाही. आणि एकूण पंधरा मिनिटांच्या आत. वर एक सेकंद गेला तर अर्ज बाद.

"न्हाई झालं तर?" मी विचारलं. रोहिदासशी बोलताना माझी जीभ त्याच्यासारखीच वळते.

"तर आपली कंपनी हाय की. डिप्लोमा झालाय तिचा. ट्रेनीचं पत्र आलंय, एक जुलैला हजर व्हा म्हणून." एवढं बोलून तो खाली बघायला लागला. "साहेब, सत्तावीस वर्षं मी त्या लाइनीवर उभा हाय. मला तिथली एक गोष्ट दाखवा जी लेकराला दाखवावी वाटंल."

निम्मी लाइन मीच बसवली होती.

अडचण साधी होती. पहिला आणि तिसरा तुकडा वेगाचे. मधली उठबस धरून दोन्ही मिळून नऊ मिनिटं आठ सेकंद. त्यात कापायला जागा नव्हती, ते आधीच घट्ट होते. मधला संथ तुकडा सरासरी सात चाळीस. बेरीज सोळा अठ्ठेचाळीस. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद जास्त.

"बाई काय म्हणतात?"

"बाई पडल्या ना वो बाथरूममधी. खुब्याचं हाड. आठ दिवस झाले दवाखान्यात हायत. दिव्या म्हणती, त्यांना आता ह्यात ओढायचं न्हाई." मग तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. "माझी लाइन तुम्ही बसवलीत साहेब. पोरीचंबी बसवून द्या."

एकतीस वर्षांत मला कोणी असं बोलावलं नव्हतं. मी जायचो तिथे लोकांचे चेहरे पडायचे. ह्या घरात मला पाट मांडून बसवत होते. खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली. बाईंना दवाखान्यात एक फोन करावा, हे माझ्या मनात आलं होतं. मी तो केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तक्ता घेऊन गेलो. कुठलंही काम असो, त्याचे तुकडे पाडायचे, हा आमचा पहिला धडा. दिव्याने नोटेशनचे कागद मांडले आणि मी तिच्या मदतीने त्या सात मिनिटांचे चोवीस भाग पाडले. एक एक भाग वाजवायला लावला, वेळ लिहिली.

सहाव्या भागाच्या शेवटी तिने हात उचलले आणि नुसतीच बसून राहिली.

"हे काय?"

"इथे थांबायचं असतं."

"किती?"

"मागचा आवाज संपेपर्यंत."

"तो कधी संपतो?"

"खोलीवर असतं काका. शाळेतल्या हॉलमध्ये उशिरा संपतो. पावसाळ्यात अजून उशिरा. बाई म्हणतात, आवाज जायला निघाला की त्याला दारापर्यंत सोडायला जायचं."

मी लिहिलं : वाट पाहणे, तीन सेकंद दोन दशांश. असे थांबे अकरा ठिकाणी निघाले. आमच्या भाषेत याला रिकामा वेळ म्हणतात. यंत्र चालू, माणूस उभा. मनातल्या मनात मी ते अकराच्या अकरा कापूनही टाकले.

मग आम्ही एका जाड उभ्या रेघेपाशी आलो. रेघेशेजारी दोन टिंबं.

"याचा अर्थ, इथवरचं पुन्हा एकदा वाजवायचं," दिव्या म्हणाली.

"जसंच्या तसं?"

"सूर तेच. पण दुसऱ्यांदा तेच नसतं बोलायचं ना. पहिल्यांदा सांगायचं आणि दुसऱ्यांदा..." तिने शब्द शोधला, सापडला नाही. हातांनी काहीतरी केलं, जसं पूनम झाकण उचलून भाताचा वास घेते तसं.

मी तक्त्यात भाग नऊ ते सोळा असं लिहून घेतलं.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "काका, दुसरी फेरी सोडली तर? मला आवडणार नाही, पण सोडली तर बाकीचं माझ्या वेळेने वाजवता येईल."

आता इथे मला थांबून एक गोष्ट सांगायला हवी. कारखान्यात वेळ कापायला कोणी ना म्हणत नाही, पण ड्रॉइंगमधलं ऑपरेशन, म्हणजे नगाच्या नकाशात दिलेलं एखादं काम, गाळणं हे पाप. एकदा आमच्या लाइनवर एकाने टार्गेट गाठायला म्हणून कडेची धारदार खर घासून काढायचं काम गाळलं. चारशे नग गिऱ्हाइकाकडून परत आले, तो घरी बसला आणि मला लेखी खुलासा द्यावा लागला. तेव्हापासून ड्रॉइंगवर जे आहे ते आहे. झपाझप करा, पण करा. आमच्या पट्ट्यात हे दिघीपासून चाकणपर्यंत कुठल्याही कामगाराला झोपेत विचारा, हेच सांगेल. रोहिदासही हेच बोलला असता.

"कागदावर छापलंय ना?" मी विचारलं.

"छापलंय."

"छापणाऱ्याने उगाच छापलंय?"

"नाही, पण कधीकधी लोक..."

"लोकांचं सोड. उद्या तिथे बसलेल्या माणसाने कागद लावून बघितलं आणि एक अख्खा भाग गायब दिसला तर? बाद. वेळ जास्त, तरी बाद. भाग कमी, तरी बाद. आपण भाग सगळे ठेवायचे आणि वेळ कापायची."

"पण काका, वेळ म्हणजेच तर..."

मग मी ते बोललो. गमतीने बोललो, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो.

"दिव्या, मी सत्तावीस वर्षं तुझ्या बापाला मोजलंय. घड्याळ दिसलं की तो पुसत बसायचा. हे थांबणं, आवाजाला दारापर्यंत सोडणं, हे तुझ्या बापाचं फडकं आहे. खानदानी आहे!"

पूनम स्वयंपाकघरातून खळखळून हसली. रोहिदासही हसला, "धरलं का न्हाई साहेबांनी!" म्हणाला.

दिव्या हसली नाही. तिने आपल्या हातांकडे बघितलं. जणू ते खरंच इतके दिवस तिला फसवत होते.

"चालेल," ती म्हणाली. "कापू."

त्यानंतर ती दुसऱ्या फेरीचं नाव घेऊन परत बोलली नाही.

मोबाइलवर मेट्रोनोम उतरवून घेतला. टिक टिक वाजतो, त्यावर हात टाकायचे. मी ठोके ठरवून द्यायचो आणि दर तीन दिवसांनी दोन ठोके वाढवायचो. एकदम वाढवलं तर माणूस बिथरतो, हळूहळू वाढवलं तर त्याला कळतही नाही. हे माझ्या धंद्यातलं शहाणपण. पहिल्या आठवड्यात सात पाच. दुसऱ्यात सहा तीस. रोहिदासने फ्रिजवर तक्ता चिकटवला आणि शिफ्टवरून आला की बूट काढायच्या आधी तो आकडा बघायचा. "साहेब, सहा बारा! मला एवढं कधी जमलं न्हाई!" पूनम शेजारणींना सांगायची, "आमची सहावर आलीय." शेजारणींना वाटायचं, वजन उतरवतेय.

दिव्याने एकदाही कुरकुर केली नाही. सुरुवातीला अकरा जागांवर तिचा श्वास अडखळायचा, मला भिंतीतून सुद्धा कळायचं. मग तो अडखळायचा थांबला. जिन्यात मी विचारायचो, "आज किती?" तर ती म्हणायची, "तुम्ही सांगा ना काका." लाइनवर भांडणारा कामगार एके दिवशी भांडायचं सोडतो तो दिवस मला नेहमी ओळखू यायचा. त्या दिवशी आम्ही खात्यातले लोक एकमेकांना चहा पाजायचो. मी तक्त्यात शेरा लिहिला : सहकार्य उत्तम.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये चित्रीकरण. मुख्याध्यापकांनी किल्ली दिली होती. पलीकडच्या लष्करी हद्दीत गोळीबाराचा सराव चालू होता. तो थांबायची वाट बघत आम्ही पाऊण तास बसलो. पूनम देवीला नारळ बोलली. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशात घड्याळ. दिव्या मांडीवर हात ठेवून त्या जुन्या पियानोकडे बघत होती. आठ वर्षं ती ज्याच्यावर शिकली तो हा पियानो. पण ती त्याच्याकडे बघत होती पहिल्या दिवशीचा ट्रेनी मशीनकडे बघतो तशी.

गोळीबार थांबला. तिने वाजवलं. मी आवाज ऐकत नव्हतो, काटा बघत होतो. सहाव्या भागानंतर शेवटचा सूर त्या उंच हॉलमध्ये अजून लोंबकळत होता आणि ती त्याच्यावरून पुढे निघूनही गेली. मला तेव्हा बरं वाटलं.

चौदा मिनिटं छप्पन्न सेकंद. मधला तुकडा पाच अठ्ठेचाळीस.

रोहिदासने मला मिठी मारली. एका ऑपरेटरने टाइम स्टडीवाल्याला मिठी मारल्याची चाकणमधली ही पहिलीच नोंद असावी. पेढे वाटले. दिव्याने पेढा घेतला, माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "एकही सूर चुकला नाही ना काका?"

"एकही नाही," मी म्हणालो. मला काय कळत होतं?

जूनच्या पहिल्या आठवड्यात उत्तर आलं. निवड नाही. खाली तीन परीक्षकांचे दोन-दोन ओळींचे शेरे. दिव्याने ते मराठीत करून आईबापाला सांगितले, एकसुरात, हजेरी वाचावी तसे. पहिल्याने लिहिलं होतं, सूर अचूक. दुसऱ्याने, वेगाच्या तुकड्यांत तयारी दिसते. तिसऱ्याने लिहिलं होतं की मधल्या तुकड्यात कोणीतरी वाजवतंय असं वाटलं नाही. अर्थ लावायचं काम वाजवणाऱ्याने सुरूच केलं नाही.

"पण टायमात बसलं ना?" रोहिदासने विचारलं. "टायमाचं काही बोलले का?"

"नाही पप्पा. टायमाचं कोणीच काही बोललं नाही."

रोहिदास माझ्याकडे बघायला लागला. रागाने नाही. मशीन बिघडलं की लाइनवरचे सगळे मेंटेनन्सवाल्याकडे बघतात तसा. मी घड्याळाची चावी फिरवत राहिलो.

जयमालाबाई तोवर घरी आल्या होत्या, निगडीला, प्राधिकरणात. मी एकटाच गेलो. त्या वॉकर धरून दारात आल्या. मोबाइलवर मी त्यांना ते चित्रीकरण लावून दिलं. पहिला तुकडा त्यांनी मान हलवत ऐकला. दुसरा सुरू झाला आणि त्यांची मान थांबली. सहाव्या भागाच्या शेवटी त्यांचा हात आपोआप वर उचलला गेला आणि हवेतच राहिला, कारण सूर पुढे गेला होता.

पूर्ण झाल्यावर त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"कोणी बसवलं हे?"

"मी."

"तुम्ही संगीतातले?"

"नाही. टाइम स्टडीतला." मी नियम सांगितला, पंधरा मिनिटं, सोळा अठ्ठेचाळीस, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मग दुसरी फेरी कशाला घेतलीत?"

"कागदावर आहे म्हणून."

"कागदावर असतेच हो. वेळ कमी असेल तर सोडतात. परीक्षेत, स्पर्धेत, सगळीकडे सगळे सोडतात. कोणी बाद करत नाही." मग त्या जरा पुढे झुकल्या. "तिला माहीत होतं हे. मी सांगितलं होतं एकदा. तिने सुचवलं नाही?"

मी समोरच्या टेबलाकडे बघितलं. टेबलावर औषधं ओळीने मांडलेली होती, सकाळची, दुपारची.

"नाही सुचवलं," मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली. "घाबरली असेल. माझीच चूक. मी तिथे नव्हते." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पहिली सहा वर्षं ही पोर मी वाजवीन तसं वाजवायची. हुबेहूब. मी कंटाळले होते. आणि मग दोन वर्षांपूर्वी एक दिवस ती त्या जागी थांबली. मी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं का थांबलीस, तर म्हणे, तो सूर अजून गेला नव्हता. त्या दिवशी मी घरी येऊन गोडाचं केलं होतं, नवनाथराव."

म्हणजे आवाजाला दारापर्यंत सोडायचं ते वाक्य बाईंनी दिव्याकडूनच घेतलं होतं.

घरी येऊन मी तक्ता काढला. भाग नऊ ते सोळा. प्रत्येकाची वेळ माझ्याच अक्षरात लिहिलेली होती, दशांशापर्यंत. फक्त त्यांची बेरीज केलेली नव्हती. ती आता केली. दोन मिनिटं दहा सेकंद. सात चाळिसातून दोन दहा गेले, उरले पाच तीस. पंधरा मिनिटांत बसून वर बावीस सेकंद हातात राहिले असते. थांबायच्या सगळ्या जागांसकट.

एक जुलैला दिव्या कंपनीत हजर झाली. सकाळी पाच चाळीसला बस येते. रोहिदास आणि ती एकाच बसने जातात; तो पुढे बसतो, ती मागे. घरी त्याने फ्रिजवरचा तक्ता काढला, पण चिकटपट्टीचे चार तुकडे तसेच राहिलेत. माझ्याशी तो पूर्वीसारखाच बोलतो. पूनम डबा पाठवते, पण त्यासोबत आता निरोप येत नाही.

माझ्या जागी आलेला सुजित मागच्या महिन्यात भेटला. म्हणाला, "सर, तुमच्या शेजारची ती ट्रेनी काय चीज आहे राव! मी वीस नग मोजले, विसाच्या वीस एकाच आकड्यावर. अर्ध्या सेकंदाचा फरक नाही. मी मागे उभा आहे हे तिला कळलं सुद्धा नाही." मी जन्मभर असा एक कामगार शोधत होतो. मला तो सापडला नव्हता.

रविवारी दुपारी ती अजून वाजवते. मेट्रोनोम लावत नाही. मी भिंतीला खुर्ची लावून बसतो. पाच अठ्ठेचाळीस. पुढच्या रविवारी पाच अठ्ठेचाळीस. त्याच्या पुढच्या रविवारी पाच अठ्ठेचाळीस.

परवा मला राहवलं नाही. मी उठून त्यांच्याकडे गेलो. रोहिदास आडवा झाला होता, पूनम शेंगा फोडत होती.

"दिव्या, बाळ, आता काही घाई नाही. कोणी मोजत नाहीये. तुझ्या वेळेने वाजव एकदा. पूर्वी वाजवायचीस तसं. थांबत थांबत."

"बरं काका," ती म्हणाली. लगेच. साहेबाने सांगितल्यावर ट्रेनी म्हणतो तसं.

ती वाजवायला बसली. डोळे मिटले. सहाव्या भागाच्या शेवटी तिने हात उचलले, उचलले खरे. पूनमच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग हात खाली आले आणि सातवा भाग सुरू झाला, पुढे दुसरी फेरीही. शेवटपर्यंत ती खांदे सैल सोडून, मान एका बाजूला कलवून वाजवत होती. बघणाऱ्याला वाटलं असतं, किती सावकाश वाजवतेय पोरगी.

संपलं. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे वळली. कितीतरी महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं.

"लांबलं ना काका आज? सात चाळीस तरी झालं असेल. पोटात कळलं मला."

घड्याळ माझ्या खिशात होतं. ते मी न बघताच दाबलेलं असतं, सुरू होताना आणि संपताना, दोन्ही वेळा. हाताला दुसरं काही येत नाही. मी ते बाहेर काढलं, डोळ्यांपासून लांब धरलं. पाच अठ्ठेचाळीस.

"सात बेचाळीस," मी म्हणालो.

"बघा," ती म्हणाली, आणि हसली.

मग तिने खुर्चीच्या पाठीवरचं फडकं घेतलं आणि पट्ट्या पुसायला लागली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकाच वेगाने.